ओटीत मागितलेले चार टायर

टायर नवा दिसतो म्हणून चांगला असतो, असं नाही. एवढी साधी गोष्ट मला कळायला एका पठाणाचा हात जावा लागला. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

दुबईत अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागात माझं टायरचं दुकान होतं. लायसन अरबाबाच्या, म्हणजे तिथल्या अरब मालकाच्या नावावर, घाम माझा. आत दोन मशिनी, दारात कॉम्प्रेसर आणि मागच्या भिंतीला लागून पाच-सात पावलं मोकळी वाळू. मी सातवी नापास. कराडच्या पुढं हायवेला पंक्चर काढत वाढलो. इंग्रजी वाचता येत नाही, पण टायरच्या कडेवर जी अक्षरं आणि आकडे छापलेले असतात ते मला झोपेतून उठवून विचारा.

ही माझ्यामागून दोन वर्षांनी तिकडं आली. ही म्हणजे माझी बायको. तिचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही, लग्नात उखाण्याला बसवलं तेव्हाही लाडूचा घास देऊन मोकळा झालो. आता कागदावरही घेत नाही.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. थंड देशांतून वापरलेले टायर कंटेनर भरभरून यायचे. त्यात काही असे असायचे की बघत राहावं. नक्षी बोटाच्या पेराएवढी खोल, अंगावरचे रबराचे बारीक केससुद्धा झडलेले नाहीत. भाजीची पिकअप चालवणारा एक पठाण माझं नेहमीचं गिऱ्हाईक. त्याला मी मागचे दोन तसलेच बसवून दिले. नवे मिळाले म्हणून तो खूश, माल खपला म्हणून मी खूश. जुलैत, रस्ता तव्यासारखा तापलेला असताना, धैदच्या रस्त्यावर एका टायरची साल निघाली. केळीची निघते तशी. पिकअप कलंडली आणि पठाणाचा डावा हात कोपरापासून गेला.

मग जाणत्या माणसाकडून कळलं, की ते टायर बर्फाचे. तिकडं थंडीत रबर दगड होतं, म्हणून ह्यांचं मुद्दाम मऊ ठेवतात. आपल्या उन्हात ते लोणी होतं.

ही दवाखान्यात रोज डबा घेऊन जायची. पठाण तिला म्हणाला, "भाभी, उस्ताद का क्या कसूर? किस्मत थी." तिने मान हलवली. बाहेर आल्यावर बसस्टॉपवर मला म्हणाली, "किस्मत कसली? टायर होता. आणि तुम्ही बसवला होता."

"मला कुठं ठाऊक होतं?"

"आता झालं ना ठाऊक? मग परत तुमच्या हातून बसायचा नाही. आणि तुमच्या दारातून जायचा पण नाही."

मी हो म्हटलं. एवढंच. शपथबिपथ काही नाही. पण ती बाई हो म्हटलेलं विसरायची नाही.

आता दुसरी गोष्ट. कुसैसमधली आणि शारजाकडची आपली मराठी माणसं गाडी घेतली की पूजेला आमच्या दुकानात आणायची. देवळाजवळ गाडी लावायला जागा मिळत नसे आणि बिल्डिंगखाली नारळ फोडला तर नातूर ओरडायचा. नातूर म्हणजे तिकडचा वॉचमन. माझ्या दारात वाळूच वाळू, फोडा किती फोडायचे ते. ही घरून ताट घेऊन चालत यायची. हळद-कुंकू, अक्षता, निरांजन, चाकांखाली ठेवायला चार लिंबं. दोघांनी मिळून एक पद्धत पाडली होती. आधी मी चारही टायर बघायचे, मग तिने प्रत्येकाला कुंकू लावायचं. शेवटी डिकी उघडून स्टेपनीलाही. लोक हसायचे. ती म्हणायची, "अडचणीला तीच धावते ना? मग तिलाच उपाशी ठेवायचं का?"

दक्षिणा घेत नसे. कुणी ओटी भरली तर नारळ आणि खण घ्यायची, तेवढंच.

नव्वदचं दशक संपायला आलं होतं. दिवाळीचा पाडवा गुरुवारी आला होता, म्हणजे दुसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी. दुपारी चारच्या सुमाराला एक साहेब आले. पुण्याचे, मोठ्या कंपनीत इंजिनिअर, आमच्या ओळखीचे. बरोबर बाई आणि दोन मुलं. गाडी अशी की आजूबाजूच्या गॅरेजची पोरं काम सोडून बघायला आली. दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, लाल. कॅनडातून आलेली सेकंडहँड. मागून पिकअपमध्ये आणखी चार टायर सुटे.

साहेब उतरले ते हात चोळतच. "काका, बघा काय आणलंय. दोन सेट दिलेत त्याने. अंगावर विंटर, वर हे ऑल-सीझन फुकट. हे जुनाट तुम्ही ठेवून घ्या, नाहीतर फेकून द्या."

मी खाली बसलो. गाडीवरचे टायर नव्यासारखे काळेभोर, नक्षी खोल, प्रत्येक ठोकळ्यावर करवतीच्या पात्याने मारल्यासारख्या बारीक चिरा. अंगठ्याचं नख दाबलं. ते आत गेलं आणि खूण तशीच राहिली. मग पिकअपमधले बघितले. अर्धे झिजलेले, पण रबर जिवंत, कुठं तडा नाही, कडेचं अक्षर ह्या गाडीला शोभेल असं. त्यांच्यात नख जाईना.

मी म्हटलं, "साहेब, उलटं करा. हे जुनाट घाला, ते नवे काढा."

"काहीतरीच काय! ट्रेड बघा की, नक्षी केवढी खोल. नऊ मिलिमीटर असेल."

"नऊ असो नाहीतर नव्वद. बर्फाचा टायर आहे."

"मग आता हिवाळाच आहे की!" साहेबांना समजावायची हौस. "लॉजिक आहे, काका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी विंटर. मार्चपासून ऑल-सीझन. दोन सेट उगाच देतात का?"

"इथल्या हिवाळ्यात आइस्क्रीम वितळतं साहेब. आत्ता त्या डांबरावर अनवाणी उभे राहून दाखवा."

पोरं हसली. ते साहेबांना लागलं. मला बोलायची रीत नाही, हे मी मान्य करतो.

"मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, काका."

"मग रबर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळायला पाहिजे."

"अहो, उद्या पहाटे रास अल खैमाला जायचंय. सिमेंट कंपनीत मित्र आहे माझा, तिथे जेवायला. सगळा मोकळा रस्ता. इतकी ग्रिप असलेला टायर काढून मी टक्कल पडलेला घालू?"

"किती पळवणार?"

साहेब बाईंकडे बघून हळूच म्हणाले, "गाडी बघताय ना? ती काय ऐंशीने चालवायला घेतली?"

तिकडच्या गाड्यांना तेव्हा एकशेवीसच्या वर गेलं की टिंग टिंग घंटी वाजायची. कॅनडाच्या गाडीला ती नव्हती. मी कडेवरचं अक्षर दाखवलं. "हे क्यू आहे. क्यू म्हणजे एकशेसाठ, ते पण थंडीत. तुमची गाडी दोनशेच्या पुढं जाते. मागं दोन पोरं बसणार."

मी पठाणाचं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, आणि मग जे बोलले ते मी विसरलेलो नाही. "काका, स्पष्ट बोलू? चांगले चार टायर तुम्हाला पाहिजेत. जुने माझ्या गळ्यात घालायचे आणि हे विकायचे. धंदा आहे, मी समजू शकतो."

तोंडात शिवी आली होती. ती गिळली, कारण तेवढ्यात ही ताट घेऊन आली. कामाची साडी बदलून हिरवी नेसलेली, निरांजनाला पदराचा आडोसा. तिने गाडीकडे बघितलंसुद्धा नाही, मला विचारलं, "बघितले?"

"बघितले. बर्फाचे आहेत."

तिने ताट पालथ्या पिंपावर ठेवलं. फुंकर मारायची नाही म्हणून हाताने वारा घालून निरांजन शांत केलं. साहेबांच्या बाईंना म्हणाली, "आज दुबईत बर्फ पडणार दिसतंय. पोरांना स्वेटर आणलेत का?"

बाई गोंधळल्या. "काकू, पूजा करायची ना?"

"ह्या टायरांना मी नाही लावणार कुंकू. बदलू देत, मग लावते."

"मुहूर्त टळेल हो!"

"अर्धा मुहूर्त आहे पाडव्याचा, पण दिवस पुरा आहे. कुठं जात नाही तो."

साहेबांना हसावं की चिडावं कळेना. "हे काय चाललंय? ताट इकडे द्या, आम्ही लावतो कुंकू." त्यांनी ताट उचलून बाईंपुढे धरलं. बाईंनी हात मागे घेतले.

"मी नाही लावणार."

"अगं, तू एम.एस्सी. आहेस!"

"असेन. काकू नाही म्हणाल्यावर मी लावायचं आणि उद्या माझी मुलं त्यात बसवायची? तूच लाव."

साहेब एकटे ताट घेऊन उभे. धाकटा म्हणाला, "डॅड, कॅन वी गो नाऊ? आय ॲम हंग्री." हिने त्याला पदराच्या गाठीतून करंजी काढून दिली. ती कायम काहीतरी बांधून आणायची.

शेवटी साहेबांनी ताट ठेवलं. "ठीक आहे. खलास. घाला ते जुने. पण काढलेले चार पिकअपमध्ये टाका, घरी जाऊ देत. शनिवारी दुसऱ्या दुकानातून परत घालून घेईन. निदान तो मला शिकवणार नाही."

आता आली का पंचाईत? टायर त्यांचे. मी कोण अडवणारा? मी कामाला लागलो. जॅक लावला, एकेक चाक उतरवलं, मशिनीवर घेतलं. हात चालत होते आणि डोक्यात एकच, हे चार शनिवारी परत चढणार. ह्यांच्या नाहीतर दुसऱ्या कुणाच्या गाडीला. मी म्हणून बघितलं, "साहेब, हे मला ठेवू द्या." ते पोरांकडे वळून हसले, "बघा! म्हटलं नव्हतं?" मग मी गप्प झालो. जास्त बोललो असतो तर ते जुने पण काढायला लावले असते.

चाकं चढली. बॅलन्स केलं, हवा बघितली. साहेबांना एवढंही सांगितलं की हे पण ह्या गाडीचे खरे टायर नव्हेत. संपले की उन्हाळ्याचे घ्या, कुठूनही घ्या. हिने निरांजन परत लावलं. आता मात्र शांतपणे, एकेका चाकापाशी वाकून, हळद, कुंकू, अक्षता. मग डिकी उघडायला लावून स्टेपनीला. लिंबं चिरडली, नारळ फुटला, मुलांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी ओटीची पिशवी काढली. नारळ, तांदूळ, जांभळा खण. हिने पदर पुढं धरला आणि पदर धरूनच म्हणाली, "आज मागितलेलं घालाल?"

ओटीत कुणी मागत नाही. मिळेल ते घ्यायचं असतं. सबंध आयुष्यात तिने कुणाकडे वाटीभर साखर मागितलेली मी बघितली नव्हती.

"मागा ना, काकू," बाई म्हणाल्या.

"ते चार टायर."

साहेब मोठ्याने हसले. "ओटीत टायर? मावतील का?"

"पदर फाटला तरी चालेल."

"आणि करणार काय त्यांचं?"

"अळू लावीन."

बाई नवऱ्याकडे वळल्या नाहीत. त्यांनी तांदळाची मूठ हिच्या पदरात सोडली आणि म्हणाल्या, "दिले."

"अगं, जवळजवळ नवे आहेत ते—"

"पाडव्याच्या दिवशी सवाष्णीने तोंड उघडून मागितलं. दिले म्हणजे दिले."

साहेबांनी खांदे उडवले. मला वाटलं संपलं. पण हिचं संपलं नव्हतं. ती मला म्हणाली, "सुरी आणा. पाणी पण."

मला तेव्हा कळलं तिचं गणित. साहेब तसेच गेले असते तर वर्षभर सांगत फिरले असते की म्हाताऱ्याने बायकोला पुढं करून टायर लाटले. मी सुरी पाण्यात बुडवली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पहिल्या टायरची कडा कापली. रबर ओलं केलं की सहज कापलं जातं. मग दुसरा, तिसरा, चौथा. घामाने डोळे चुरचुरले. आता ते जगातल्या कुठल्याच गाडीला बसणार नव्हते. साहेबांचा चेहरा उतरला. ते गाडीत बसले आणि निघून गेले. बाईंनी काच खाली करून हात केला.

दुसऱ्या दिवशी ते रास अल खैमाला जाऊन आले. काही झालं नाही. मी सांगितलेल्या टायरवर काही झालं नाही, आणि त्यांच्या टायरवर झालं असतं की नाही हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. न घडलेल्याचा पुरावा कुठून आणायचा? साहेब पुढं कित्येक वर्षं दुकानाकडे फिरकले नाहीत. आणखी दोन-चार मराठी गिऱ्हाइकं तुटली. तो म्हातारा डोकं खातो, असं कानावर आलं. येऊ दे. परत तसलीच गाडी आली असती तर परत सुरी काढली असती.

हिने खरंच अळू लावलं. दुकानामागच्या वाळूत चारही टायर मांडले, आत माती आणि शेणखत भरलं. दोनांत अळू, एकात तुळस, एकात कढीपत्ता. एसीचं पाणी ठिबकायचं त्याच्याखाली बादली ठेवून तेच झाडांना घालायची. पुढच्या पाडव्याला तिने डबाभर अळूवड्या केल्या आणि मला साहेबांच्या घरी पाठवलं. मी म्हटलं, मी जाणार नाही. ती म्हणाली, "भांडण टायरशी होतं, माणसाशी नव्हतं. जा." दार बाईंनी उघडलं. मी डबा पुढं केला, "तुमच्या टायरमधल्या आहेत." बाई इतक्या हसल्या की आतून साहेबांनी विचारलं, कोण आहे. मी तेवढ्यात जिना उतरलो.

ही गेली दोन हजार सालानंतर. पोटात दुखतं म्हणाली, आणि चार महिन्यांत खलास. मला अजून राग येतो. कुणाचा ते माहीत नाही. टायर असता तर आधी नख लावून बघितला असता. माणसात नख कुठं लावायचं? पहिलं वर्षभर मी दुकान बंद केल्यावर घरी जायचं टाळायचो. मागं वाळूत जाऊन बादली ओतायचो. अळू करपलं, तुळस गेली. कढीपत्ता मात्र राहिला, कारण त्याला मी सोडलं नाही. दिवसातून दोनदा पाणी. तिच्यासारखं एका वेळेला भागत नव्हतं, माझा हात तसा नाही.

पूजेच्या गाड्या यायच्या थांबल्या होत्या. ताट घरातल्या फळीवर पालथं होतं.

मग एका पाडव्याला साहेब आले. गाडी पांढरी, चार दारांची, शोरूममधली. मुलं माझ्या खांद्याला लागलेली. बाईंच्या हातात ताट. साहेबांनी घसा साफ केला. "काका... आधी तुम्ही बघा. मग ही लावेल."

मी खाली बसलो. गुडघे वाजले. चारही बघितले. नवे, उन्हाळ्याचे, अक्षर बरोबर. नख गेलं नाही. "लावा," मी म्हटलं. बाईंनी चौघांना कुंकू लावलं आणि नारळ उचलला.

"स्टेपनी?" माझ्याच तोंडातून आलं.

साहेब म्हणाले, "राहू दे हो, काका. शोरूमची आहे."

"काढा बाहेर."

काढली. दाबून बघितली तर निम्मी हवा. कॉम्प्रेसर सुरू केला, हवा भरली, वॉल्व्हला थुंकी लावून बघितली. बाईंनी ताट माझ्यापुढं धरलं. मी म्हटलं, तुम्ही लावा, माझा हात कुंकवाचा नाही, बघा किती काळा झालाय. त्या म्हणाल्या, "स्टेपनीचं कुंकू काकूंचं होतं. तुमच्याशिवाय कोण लावणार?"

मी अंगठा लुंगीला पुसला. तो पुसून स्वच्छ होत नाही, चाळीस वर्षांचं काळं आहे ते. त्याच अंगठ्याचं नख आधी टायरात दाबलं, मग कुंकवात बुडवून लावलं. जरा वाकडं लागलं. डिकी मीच बंद केली.

मागं जाऊन कढीपत्त्याच्या दोन फांद्या तोडून आणल्या आणि बाईंच्या ताटात ठेवल्या. बाईंचे डोळे भरले होते, म्हणून मी साहेबांकडे वळलो.

"यल्ला, निघा आता. आणि एकशेवीसच्या वर घंटी वाजली तर पाय काढा. ऐकू येत नाही असं म्हणू नका."